हँक विल्यम्स कसा मेला ते छापलंत, गायला काय ते राहिलं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

१ जानेवारीच्या आपल्या अंकात आतल्या पानावर एक चौकट आली होती, हँक विल्यम्स नावाच्या अमेरिकन गायकाच्या पुण्यतिथीची, मोजून सहा ओळी. तो अंक मी अजून ठेवलाय. पत्र लिहायचं लिहायचं म्हणता गड्डा यात्रा पण होऊन गेली, शेवटी मुलगी म्हणाली बाबा आता लिहा नाहीतर रद्दीवाला नेईल, म्हणून बसलो. चौकटीत असं आहे की टेक्सासचा हा दारुडा गायक तीस वर्षांचा असताना मोटारीत मरून पडला आणि तो ज्याच्यासाठी प्रसिद्ध होता तो हॉन्की टॉंक म्हणजे एक नाचाचा प्रकार. साहेब, सहा ओळीत तीन चुका. चौथी फोटोची, पण तिचं शेवटी लिहितो, तिची गंमत वेगळी आहे.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर वाटेल हा कोण सोलापुरातून अमेरिकेचं सांगणारा. भवानी पेठेत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, आता पोरगा बघतो. आणि १९७३ पासून पंधरा-सोळा वर्षं मी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचो, गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, लग्नसराई, अक्कलकोट बार्शी पंढरपूर कुर्डुवाडी, कधी पलीकडं विजापूर गुलबर्गा. आताच्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत दांडा धरून तारांवरून सरकवायचा, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, त्यामुळं सूर तुटत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, मींड म्हणतो ना आपण तसं. माझा दांडा लूमच्या जुन्या शाफ्टचा तुकडा लेथवर घासून केलेला. पिकअपसुद्धा, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं तारेचं वेटोळं, मीच गुंडाळला होता, पंख्याला छत्तीस नंबरची तार लागते, पिकअपला त्याहून कितीतरी बारीक, केसासारखी, श्वास जोरात सोडला तर हलते, हजारो वेढे मारायचे आणि मध्येच तुटली की पहिल्यापासून. तीन वेळा तुटली. चौथ्यांदा जमलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि बायकोने अंगावर येऊन विचारलं होतं की या कामाचे पैसे कोण देणार.

तर हँक विल्यम्स मला भेटला तो रेल्वे लाईन्समध्ये. तिथं एक रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर राहायचे, आम्ही अंकल म्हणायचो, त्यांच्याकडं जिम रीव्हज या अमेरिकन गायकाच्या रेकॉर्डी होत्या, त्या काळात ख्रिश्चन मंडळींच्या घरी जिम रीव्हज म्हणजे आपल्याकडं जसे भीमसेन. मी पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. त्यांनी भावाने ऑस्ट्रेलियाहून पाठवलेली एक रेकॉर्ड लावली आणि गायकाने तोंड उघडायच्या आधी जे वाजलं ते ऐकून मी स्टुलावरच थांबलो, हातात पंख्याचं पातं. ती माझीच गिटार होती की ओ! मला वाटायचं हे वाद्य हवाईहून निघालं आणि कलकत्त्यामार्गे सरळ आमच्या ऑर्केस्ट्रात आलं, तर ते तिकडं पण गेलं होतं. नंतर कळलं की १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याचं वेडच लागलं, आणि कारखान्यात बनवून विकलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार पण मांडीवरचीच होती, रिकनबॅकर कंपनीची, तव्यासारख्या गोल आकाराची, म्हणून तिला फ्राइंग पॅनच म्हणायचे. आपल्याकडं १९४० च्या दशकात ताऊ मो हे हवाईचे वादक कलकत्त्यात राहिले, त्यांच्यामुळं ती रुजली, मग व्हॅन शिप्ली सिनेमात आले आणि मग आमच्यासारखे गल्लीबोळातले. हँकच्या मागं ती वाजवायचा तो डॉन हेल्म्स. तेव्हा त्याचं नाव माहीत नव्हतं, पण हात ओळखीचा वाटला.

आता हॉन्की टॉंक. नाच नव्हे साहेब, तो गुत्ता. म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांत, टेक्सास ओक्लाहोमाच्या तेलविहिरीच्या बाजूला, हायवेच्या कडेला असलेले दारूचे अड्डे. १९३३ साली तिकडची दारूबंदी उठली आणि असे अड्डे वाढले, शनिवारी पगार झाला की कामगार तिथं, आणि कोपऱ्यात ज्यूकबॉक्स, त्यात पाच सेंटचं नाणं टाकलं की एक गाणं. त्या गोंगाटात साधी गिटार आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, कुणाला ऐकू जाणार? अर्नेस्ट टब म्हणून एक गायक होता, त्याला ज्यूकबॉक्सवाल्याने सांगितलं असं म्हणतात, की बाबा संध्याकाळी गर्दी झाली की तुझी रेकॉर्ड ऐकूच येत नाही, म्हणून त्याने १९४१ साली रेकॉर्डिंगला इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि ते गाणं धो धो चाललं. म्हणजे हॉन्की टॉंक संगीत हे गुत्त्यातला आवाज भेदून जाणारं, तार झणझणीत, ठेका सरळ, शब्द साधे, विषय घर मोडलेलं, बायको सोडून गेलेली, एकटेपण, दारू आणि दुसऱ्या दिवशीचा पश्चात्ताप.

हे समजायला सोलापूरकराला अमेरिकेत जायची गरज नाही. साखर पेठेत पॉवरलूमच्या शेडमध्ये दुपारी जाऊन उभं राहा. खिडकीत रेडिओ चालू असतो, बारा लूमची खटखट, गाणाऱ्याचा एक शब्द कळत नाही, ढोलक पण लूमच्याच खटखटीत मिसळून जाते, पण मध्येच हवाईयन गिटारची एक ओळ आली की ती सुईसारखी आरपार येते आणि कांड्या भरणारी बाई पुढची ओळ गुणगुणायला लागते. डॉन हेल्म्सचा सूर तसाच, वरच्या पट्टीत, बारीक, टोचणारा. हँकच्या बँडला बहुतेक वेळा ड्रमवाला नसायचा बरं का, ठेका गिटारच्या दाबलेल्या तारांवर द्यायचे, तरी पाय हलल्याशिवाय राहत नाही.

आता माणूस. हँक टेक्सासचा नाही, अलाबामाचा, माउंट ऑलिव्ह नावाच्या खेड्यातला, जन्म १७ सप्टेंबर १९२३, खरं नाव हायरम. जन्मापासूनच पाठीच्या कण्यात दोष, म्हणजे पाठदुखी ही दारूच्या आधीची गोष्ट आहे, हे आपल्या चौकटीत असतं तर माझं अर्धं पत्र वाचलं असतं. वडील बरीच वर्षं दवाखान्यात, आई लिली खाणावळ कम बोर्डिंग चालवायची, पुढं तीच पोराच्या कार्यक्रमाला दारात उभी राहून तिकिटाचे पैसे गोळा करायची. गिटार शिकवली ती रूफस पेन नावाच्या रस्त्यावर गाणाऱ्या काळ्या माणसाने, लोक त्याला टी टॉट म्हणायचे. मोबदला म्हणजे जेवण आणि थोडी चिल्लर. त्या काळात अलाबामात गोऱ्या पोराने काळ्या माणसामागं गाणं शिकत फिरायचं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको, आपल्याकडं पण कोण कुणाच्या ओसरीवर बसून शिकलं याच्या गोष्टी आहेतच. पुढं नाव झाल्यावर हँकने गुरूचं नाव स्वतःहून घेतलं. रूफस पेन मात्र १९३९ लाच गरिबीत गेला, मॉंटगोमेरीच्या ज्या दफनभूमीत पुरला तिथं त्याची नेमकी जागा कुठली हे आज सांगता येत नाही, आठवण म्हणून नंतर एक दगड लावलाय.

मॉंटगोमेरीत रेडिओ स्टेशनसमोरच्या फुटपाथवर हा पोरगा गात बसायचा, रेडिओवाल्यांनीच आत बोलावून पंधरा मिनिटांचा कार्यक्रम दिला. बँडचं नाव ड्रिफ्टिंग काउबॉईज. १९४६ ला नॅशव्हिलला जाऊन फ्रेड रोज या गीतकार-प्रकाशकाला भेटला आणि इथं मला वाटतं त्याचं खरं नशीब उघडलं, कारण रोज हा गाणं तासून देणारा माणूस होता, हँकला नोटेशन येत नव्हतं, तो कागदाच्या कपट्यावर लिहून आणायचा आणि रोज त्यातलं जादाचं काढून टाकायचा. तरी रोजची प्रत्येक गोष्ट बरोबर होती असं नाही. ‘लव्हसिक ब्लूज’ नावाचं १९२२ सालचं जुनं गाणं, हँकने लिहिलेलंही नाही, ते रेकॉर्ड करायला रोजचा साफ विरोध होता, हँक अडून बसला आणि १९४९ ला ते सोळा आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्याच वर्षी ११ जूनला नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑपरीत पहिल्यांदा उभा राहिला, तो रेडिओवरून जाणारा शनिवारचा कार्यक्रम, आपल्याकडं सवाई गंधर्वला पहिल्यांदा बसण्यासारखं समजा. लोकांनी सहा वेळा वन्स मोअर दिला.

त्या दिवसांतलं एक मला फार आवडतं. १९५१ मध्ये तो मदर्स बेस्ट नावाच्या पिठाच्या कंपनीसाठी सकाळी सव्वासातला रेडिओवर पंधरा मिनिटं गायचा. पिठाची जाहिरात, एक भजन, एक गुत्त्यातलं गाणं, थट्टामस्करी, परत पीठ. दौऱ्यावर असायचा म्हणून आधीच तबकड्यांवर भरून ठेवायचे. पुढं त्या तबकड्या स्टेशनने कचऱ्यात काढल्या होत्या, तिथल्याच फोटोग्राफरने उचलून आणल्या म्हणून वाचल्या. ऐका कधी, सकाळी सव्वासातला तो माणूस एकदम शुद्धीत, खणखणीत, गमत्या, सूर जागच्या जागी. दारुडा म्हणून ज्याची ओळख देता तो पहाटे उठून पीठ विकायचा.

दारू प्यायचा, खोटं कशाला बोलू. कार्यक्रम बुडवायचा, स्टेजवर झोकांड्या द्यायचा, बायको ऑड्रीशी भांडणं, आणि ती भांडणं दुसऱ्या दिवशी गाण्यात. १९५१ च्या डिसेंबरात पाठीचं ऑपरेशन झालं, फरक पडला नाही, उलट गोळ्या-इंजेक्शनं वाढली, त्यात एक बोगस डॉक्टर भेटला, विकतच्या डिग्रीवाला, आपल्याकडं प्रत्येक तालुक्याला सापडतो तसला. १९५२ ला घटस्फोट, ऑगस्टमध्ये ऑपरीने काढून टाकला, ऑक्टोबरात दुसरं लग्न, ते पण न्यू ऑर्लिन्सला स्टेजवर, तिकीट लावून, दोन वेळा!

पण आता हे वाचा. २३ सप्टेंबर १९५२, म्हणजे नोकरी गेलेली, घर मोडलेलं, पाठ वाकलेली, वजन उतरलेलं, असा हा माणूस नॅशव्हिलच्या स्टुडिओत गेला आणि एका बैठकीत चार गाणी रेकॉर्ड केली. त्यातली तीन पुढं पहिल्या नंबरला गेली, तो मेल्यावर. त्यातलंच एक ‘युअर चीटिन हार्ट’, सुरुवातीला डॉन हेल्म्सची स्टील गिटार आहे, म्हणजे आपली हवाईयनच, छोटीशी ओळ, ती मी पंधरा वर्षं काढायचा प्रयत्न केला. सूर सापडतात, त्यात काही नाही, पण शेवटच्या सुरावर दांडा नुसता थांबवायचा नसतो, थांबता थांबता किंचित थरथरवायचा असतो, जास्त थरथरला की रडगाणं होतं आणि कमी पडला की कोरडं. मला बार्शीच्या एका लग्नात एकदाच जमलं, पंगत उठत होती तेव्हा, ऐकायला फक्त केटरर होता. असं काम त्या बैठकीत झालं आणि त्या दिवशी हँकचं वय होतं एकोणतीस वर्षं सहा दिवस. ती त्याची शेवटची बैठक.

मेला तेव्हा पण एकोणतीसच, तीस नाही. १९५२ च्या शेवटच्या दिवसांत एका कॉलेजच्या पोराला ड्रायव्हर म्हणून घेऊन ओहायोतल्या कँटनला कार्यक्रमाला निघाला होता, बर्फाचं वादळ, वाटेत नॉक्सव्हिलला डॉक्टरने इंजेक्शन दिलं, मागच्या सीटवर झोपला तो झोपलाच, वेस्ट व्हर्जिनियात ओक हिलला गाडी थांबवली तेव्हा अंग गार. कँटनला स्टेजवरून सांगितलं तेव्हा काही लोक हसले, त्यांना वाटलं नेहमीसारखा आला नाही म्हणून काहीतरी थाप मारतायत. मग बाकीच्या कलाकारांनी त्याचंच एक भजन सुरू केलं तेव्हा हॉल गप्प झाला. २०१० साली त्याला मरणोत्तर पुलित्झरचा खास सन्मान मिळाला, गीतलेखनासाठी. त्या ऑपरीने मात्र अजून परत घेतलेला नाही.

भजन म्हटलं म्हणून आठवलं, गुत्त्यातली गाणी आणि भजनं एकाच तोंडातून हे वाचून कुणी नाक मुरडू नये. आपल्याच गावचे शाहीर राम जोशी, पेशवाईतले, पुराणिकाच्या घरातले, तमाशाच्या फडात गेले म्हणून घरच्यांनी बाहेर काढलं, त्यांनी शृंगारिक लावण्या पण केल्या आणि कीर्तनं पण केली, आणि आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतोच की. आणि सवाल-जवाबसुद्धा आहे तिकडं! १९५२ मध्ये हँक थॉम्पसन या गायकाचं एक गाणं गाजलं, बाई गुत्त्याच्या नादाला लागली आणि संसार मोडला असं म्हणणारं. त्याच वर्षी किटी वेल्सने त्याच चालीवर उत्तर दिलं, की गुत्त्यातल्या बाया देवाने नाही घडवल्या, लग्न झालेले पुरुष स्वतःला सडे म्हणवत फिरतात त्यांनी घडवल्या. बत्तीस वर्षांची घरंदाज बाई, गाणं सोडून घरी बसायच्या विचारात होती, रेकॉर्डिंगचे सव्वाशे डॉलर मिळतील म्हणून गायला गेली. रेडिओवाल्यांनी बंदी घातली तरी ते पहिल्या नंबरला गेलं, कंट्री संगीतात, म्हणजे हँक आणि टब गायचे त्या जातीच्या संगीतात, एकट्या बाईचं पहिलंच. मोडनिंबच्या एखाद्या बारीत हे गाणं मराठीत करून म्हटलं तर पैज लावतो, तिथल्या तिथं दौलतजादा होईल.

आता मी एवढा का चिडलो ते. आमच्या ऑर्केस्ट्रात मुकेशची गाणी म्हणणारा एक होता, नाव लिहीत नाही, घरचे इथंच आहेत. गिरणीत पहिल्या पाळीला, दुपारी झोप, रात्री कार्यक्रम. शाळा तेलुगूत झालेली, म्हणून हिंदी गाणी तो तेलुगू लिपीत वहीत उतरवून घ्यायचा आणि प्रत्येक ओळीत श्वास कुठं घ्यायचा तिथं लाल पेनने बारीक टिंब. कधी कधी एका ओळीत टिंब खोडून पुढं सरकवलेलं दिसतं, म्हणजे दम वाढला होता. आणि गिरणी बंद झाल्यावरच्या पानांत तीच टिंबं परत मागं आलेली आहेत, हे मला तो गेल्यावर वही चाळताना दिसलं. शेवटी शेवटी प्यायचा, हो. गेला तेव्हा एका पेपरात चार ओळी आल्या, त्यात दारू दोनदा होती आणि गाणं एकदा पण नव्हतं. त्याच्या पोरीने तो पेपर मला आणून दाखवला होता. तिला काय बोलायचं ते मला सुचलं नव्हतं, आपली चौकट वाचून ते आता सुचलं, उशिरा का होईना.

हँक विल्यम्सच्या पण वह्या राहिल्या होत्या, अर्धवट गाण्यांच्या. २०११ साली बॉब डिलन आणि इतरांनी त्यातल्या ओळींना चाली लावून त्या गाऊन काढल्या. आमच्या माणसाची वही माझ्याकडं आहे, दोनशेच्या वर गाणी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गिटारच्या पेटीत. सोलापुरात असे ऑर्केस्ट्रावाले, बँजो पार्टीवाले, बँडवाले, बारीतल्या पेटी-ढोलकीवाले अजून जिवंत आहेत साहेब, सत्तरी ओलांडलेले, आपला बातमीदार सायकलवर फिरला तरी एका दिवसात आठ-दहा भेटतील. आठवड्याला एक माणूस घ्या, चौकटीच्या दुप्पट जागा द्या फार तर. त्याला विचारा वाद्य कुठून आणलं, कुणापाशी शिकला, कुठल्या पट्टीत गायचा, बिदागी किती मिळायची. पितो का ते शेवटी विचारा, वेळ उरला तर. माझ्याकडं पाठवलात तर बातमीदार तेलुगू वाचणारा पाठवा, ती वही मला वाचता येत नाही, मी फक्त टिंबं बघतो.

आपला,
एक जुना हवाईयन गिटारवाला
भवानी पेठ, सोलापूर

ता. क. फोटोचं राहिलं. चौकटीत जो उंच हॅटवाला माणूस गिटार उलटी करून लोकांना पाठ दाखवतोय आणि गिटारच्या पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत थँक्स लिहिलंय तो हँक विल्यम्स नाही. तो अर्नेस्ट टब, वर सांगितला तोच, ज्यूकबॉक्सच्या गोष्टीतला गायक, आणि तो खरोखर टेक्सासचा. गाणं संपलं, टाळ्या पडल्या की गिटार उलटी करायची ही त्याची पद्धत. तेवढं दुरुस्तीत छापा.